आज्जीच्या चुलीवरची टर्की

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार आला की ताईचा अमेरिकेहून व्हिडिओ कॉल ठरलेला. तिकडं थँक्सगिव्हिंगची, म्हणजे अख्खा टर्की पक्षी भाजून खायच्या सणाची रात्र, इकडं आमची शुक्रवारची सकाळ. ताई ओव्हनमधून काढलेली टर्की फोनसमोर धरते आणि आई दरवर्षी एकच विचारते, "मसाला कुठाय गं हिचा?"

२०२३च्या डिसेंबरात ताई पोरांना घेऊन बेळगावला आली, तेव्हा पंधरा वर्षांच्या भाचीनं हट्टच धरला, टर्की यंदा आज्जीकडं करायची. नाताळ सोमवारी आला होता आणि आमच्या घरात सोमवार पाळतात. मार्गशीर्षही चालू होता, पण आई त्यातले फक्त गुरुवार धरते. ३१ला रविवार होता, तोच दिवस ठरला.

खानापूरकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्यानं हौसेनं टर्क्या पाळल्यात. त्यानं दिलेली टर्की साफ करून साडेचार किलो भरली. हा पक्षी मूळचा मेक्सिकोकडचा, पण आपल्याकडं काही काल-परवा आलेला नाही. १६१२ साली मुकर्रबखान या मुघल सरदारानं गोव्याहून जहांगीर बादशहाला एक टर्की नेऊन दिली होती. बादशहाला ती इतकी नवलाची वाटली, की त्यानं उस्ताद मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चोर्ला घाट उतरला की गोवा, म्हणजे चारशे वर्षांपूर्वी ही बया आपल्या शेजारातूनच पुढं गेलेली. पोर्तुगीज तिला 'पेरू' म्हणतात, हे सांगितल्यावर आई किती तरी वेळ हसत होती.

घरातला ओव्हन केकपुरता. ताईचं तोंड उतरलं, पण आईनं पदर खोचला आणि म्हणाली, "परड्यात चूल मांडा की."

आदल्या रात्री फ्रीजच्या दोन जाळ्या काढून मोठा डबा आत बसवला. पाच लिटर पाण्यात पाव किलो मीठ विरघळवून त्यात टर्की बुडवली. मिठानं मांस आतपर्यंत मुरतं आणि शिजताना पाणी धरून ठेवतं, असं ताई समजावत होती. आई म्हणाली, "कोंबड्याला आपण रात्री मीठ-हळद लावून ठेवतोच की गं. तेच हे."

सकाळी पक्षी पुसून कोरडा केला. भाचीला छातीच्या कातड्याखालून हात घालायचा होता, लोणी-लसूण-मिरी आत सारायला. आईनं तिचं मनगट धरलं. "बोटं वर नको उचलू. मांसाला चिकटून जा, मांजराच्या पाठीवरनं हात फिरवतो तशी." तिचा हात गळ्यापर्यंत सरकत गेला, कातडं कुठंही फाटलं नाही. पोरीनं मान वर करून आज्जीकडं पाहिलं आणि आज्जीनं नुसतं "हां" म्हटलं. वरनं मात्र आईची संकेश्वरी मिरचीची चटणी, तुपात कालवून.

जर्मनच्या मोठ्या पातेल्यात तळाला सोललेल्या उसाचे तुकडे आडवे मांडले, पक्षी खाली लागू नये म्हणून. झाकणाला कणीक लावली, वर निखारे ठेवले. मी जाळ सांभाळायला. मंद आच दोन तास धरून ठेवणं हे बैठकीचं काम आहे. मला ते फार आवडतं, बाबांकडनं आलंय.

दोन तासांनी ताईनं थर्मामीटर खुपसला. छातीत ७४ अंश, म्हणजे तिकडचे १६५ फॅरनहाइट, झालेच होते. मांडीत हाडाजवळ मात्र जेमतेम ६०. आईनं दाभण टोचून पाहिलं, तर पाणी अजून गुलाबी. आणखी ठेवावं तर छाती चोथा होणार. चालता-फिरता पक्षी, मांडीचं मांस घट्ट, ते सावकाशच शिजतं. ताईला अख्खी टर्की ताटात मांडायची होती, तिचा जीव खालीवर. आईनं सुरी घेतली, दोन्ही तंगड्या सांध्यातून सोडवल्या आणि परत पातेल्यात सोडल्या. छाती केळीच्या पानाखाली झाकून ठेवली. चाळीस मिनिटांनी तंगड्यांचं पाणी स्वच्छ आलं. फोटो नाही मिळाला, पण चव नासली नाही, आणि मला विचाराल तर आईचंच बरोबर होतं.

टर्कीच्या पोटात भरतात ते पावाचं सारण आम्ही केलंच नाही. मान आणि कलेजी-पेट्याच्या पाण्यात बेळगाव बासमतीचा भात शिजवला. क्रॅनबेरी या तिकडच्या आंबट फळाच्या जागी आवळा-गुळाची चटणी, आणि ती तर टर्कीपेक्षा आधी संपली.

दुसऱ्या दिवशी सोमवार, तेव्हा मांस त्याच रात्री संपायला हवं होतं. आम्ही आठजण जेवलो तरी निम्मं उरलं. मग भाची आणि तिचा भाऊ ताटल्या झाकून गल्लीत घरोघर देऊन आले. पोरं कोपऱ्यावर ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळायच्या तयारीत होती, जुन्या पँटीत गवत कोंबलेला. त्यांच्याही वाट्याला एकेक तुकडा गेला. बाराला तो पेटला तेव्हा भाचीच्या हाताला अजून लसणाचा वास येत होता. ती ते मला हुंगून दाखवत होती.

हाडं आईनं डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवली होती. मंगळवारी रात्री त्यांचा पांढरा रस्सा झाला. बुधवारी सकाळी सांब्र्याला विमानतळावर सोडायला निघालो, तर भाचीच्या मांडीवर संकेश्वरी चटणीची बरणी, तीन पिशव्यांत गुंडाळलेली.