मिक्सरचे कार्बन चालत नाहीत

जुलैतल्या एका रविवारी ताम्हिणी घाटात आमच्या गाडीचा ब्लोअर, म्हणजे काचेवर हवा सोडणारा पंखा, बंद पडला. बाहेर धो धो पाऊस, आत आम्ही चौघं, सगळ्यांचे कपडे ओले. दोन मिनिटांत समोरची काच आतून दुधासारखी पांढरी झाली. हिने हाताशी होता तो फडका घेऊन काच पुसली. तो डब्याचा फडका होता, शेंगदाण्याच्या चटणीचं तेल लागलेला. मग धुकं गेलं आणि तेल राहिलं. समोरून येणाऱ्या एसटीचे दिवे त्या तेलात असे काही पसरले की मी गाडी सरळ बाजूला घेऊन उभी केली.

पाच मिनिटांनी परत निघालो, एका खड्ड्यात चाक आदळलं आणि ब्लोअर आपोआप सुरू झाला. मागून मेव्हणा म्हणाला, "भावोजी, खड्डे शोधत चला." निदान तिथेच झालं होतं, फक्त मला ते कळायला पंधरा दिवस लागले.

गाडी म्हणजे १९९६ ची मर्सिडीज ई २२०, डब्ल्यू १२४. १९९५ मध्ये टेल्कोच्या (पुढे टाटा मोटर्स झाली ती) पिंपरीच्या आवारात ही गाडी जोडायला सुरुवात झाली. तिकडे जर्मनीत तेव्हा याच मॉडेलची जागा पुढचं मॉडेल घेत होतं. मी त्या काळात भोसरीच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायच्या कारखान्यात होतो, आणि ट्रायलला निघालेली एखादी ई २२० दिसली की बस थांब्यावर असूनही बस सोडून द्यायचो. २०१४ मध्ये एका डॉक्टरांनी त्यांची विकायला काढली, तेव्हा घरात फारशी चर्चा न करता मी ती घेतली. चर्चा नंतर झाली.

पुण्यात हीटर कशाला लागतो, हा प्रश्न मला नेहमी येतो. थंडीसाठी नाहीच लागत. पण हीटर, एसी आणि काचेवरची हवा या तिघांना ढकलणारा पंखा एकच. पावसात काच साफ ठेवायची तर एसी आणि हीटर दोन्ही एकदम चालवायचे: एसी हवेतलं पाणी काढून घेतो, हीटर ती कोरडी हवा गरम करून काचेवर सोडतो. नुसता एसी जोरात ठेवला तर काच इतकी गार पडते की बाहेरून धुकं धरते. आणि पंखाच नसेल तर यातलं काहीच काचेपर्यंत पोचत नाही.

आधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवलं. "अख्खं ब्लोअर युनिट बदलावं लागेल, बाहेरून मागवू," एवढंच उत्तर. मोटर उघडून बघितली का, विचारलं, तर तो मुलगा माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी इंजिनाला तूप घालू का विचारलंय. घरी आलो.

फ्यूज आधी बघितले. या गाडीत जुन्या पद्धतीचे, दोन्ही टोकांना निमुळते, बंदुकीच्या गोळीसारखे फ्यूज आहेत. त्यांच्या टोकांवर गंज धरतो, म्हणून जागच्या जागी फिरवले. फरक नाही. पंख्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर गेला की सहसा खालचे स्पीड जातात आणि वरचा शिल्लक राहतो. इथे सगळेच जायचे आणि डॅशबोर्डवर बुक्की मारली की सगळेच परत यायचे. म्हणजे मोटरच.

मोटर बसवलीये समोरच्या काचेखाली, वायपरच्या पोटात. या गाडीला वायपर एकच. ("दुसरा चोरीला गेला का?" हे सोसायटीतल्या प्रत्येक मुलाने एकदा तरी विचारलंय.) पण तो एकटा काचेचा ८६ टक्के भाग पुसतो, कारण फिरता फिरता तो कोपऱ्याकडे लांब होतो आणि मधे आखडतो. त्याच्या गिअरचं काम बघत मी अर्धा तास नुसता बसलो होतो. टूलरूमवाल्याला हा मोह आवरत नाही.

वायपरची यंत्रणा उचलली आणि खाली गुलमोहर सापडला. अख्खा. आमची पार्किंगची जागा गुलमोहराखाली आहे, आणि त्याची ती बारीक पानं जाळीतून आत जाऊन पाणी निघायच्या भोकांवर चहाच्या चोथ्यासारखी बसली होती. पाणी तुंबून पार ब्लोअरच्या झाकणापर्यंत आलेल्याची रेघ दिसत होती. यात गाडीचा काही दोष नाही, अकरा वर्षांत तिथे एकदाही हात न घालणारा मीच.

मोटर मधे आणि तिच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना पिंजऱ्यासारखे दोन पंखे. पंख्याच्या पात्यांवर बारीक पत्र्याच्या क्लिपा असतात. त्या तोलासाठी आहेत, कचरा समजून काढू नका. मी एक काढली होती, नशीब की तिच्या जागी धुळीची खूण राहिली होती.

मोटरच्या फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारे कार्बनचे दोन ठोकळे बघितले आणि सगळं उलगडलं. एक इतका झिजला होता की त्याची तांब्याची वेणी खाचेच्या टोकाला जाऊन अडकली होती. स्प्रिंग दाबतेय, पण वेणी पुढे सरकू देत नाही. कार्बन कम्युटेटरला, म्हणजे दांड्यावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याला, टेकतो न टेकतो. खड्डा आला की टेकायचा. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं चालल्यावर कार्बन संपणारच, ते संपण्यासाठीच असतात.

मी हुशारी केली. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून त्याच जाडीचे मिक्सरचे कार्बन आणले, कानशीने घासून बसवले, वेणी डागली. बॅटरीला जोडल्यावर मोटर फिरली, पण आजारी माणसासारखी. ठिणग्याही निळ्या-पिवळ्या, आणि वास.

मग भोसरीला वायंडिंगवाल्या मामांकडे गेलो. मामा मूळचे गडहिंग्लजचे, सत्तरीचे, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्यांनी कार्बन नखाने खरवडून बघितला.

"ह्यो कशाचा घातलाय?"

"मिक्सरचा."

"मग मिक्सरला घाला की. ह्यो दोनशेतीस व्होल्टचा माल. जुना कुठाय?"

जुना खिशात होता. त्यांनी तो दगडावर घासून उजेडात धरला. घासलेल्या जागी तांबूस झाक. नव्याला नुसती काळी-करडी.

तांबूस झाक म्हणजे कार्बनमध्ये मिसळलेली तांब्याची भुकटी. साध्या ग्रॅफाइटच्या कार्बनपाशी साधारण एकेक व्होल्ट खर्ची पडतो, दोन कार्बन म्हणजे दोन व्होल्ट. दोनशेतीसमधून दोन गेले तर मिक्सरला पत्ताही लागत नाही. बारामधून दोन गेले म्हणजे सहावा हिस्सा गेला, आणि तो गेला कुठे, तर कार्बन तापवण्यात. तांबंवाल्या कार्बनमध्ये हाच तोटा बराच कमी असतो. चाळीस वर्षं लोखंड कापलं, मापं मायक्रॉनमध्ये घेतली, आणि इथे फक्त माप जुळलं म्हणून माल जुळला असं धरून चाललो होतो.

मामांनी रेडिएटर फॅनच्या मोटरचे कार्बन काढून दिले, तेही बारा व्होल्टचेच. थोडे मोठे होते, ते मला घासायला लावले. "तुमचा हात बसलाय, तुम्हीच घासा." कम्युटेटरवर बारीक काचपेपर गुंडाळून, कार्बन त्यावर टेकवून, आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) पुढे-मागे हलवायचं, म्हणजे कार्बनला त्याच गोलाईची खोबण पडते. एमरी पेपर मात्र तिथे नको, त्याचे कण खाचांत रुततात. पट्ट्यांमधल्या खाचा त्यांनी हॅक्सॉच्या तुटक्या पात्याने साफ केल्या. दांडा ज्यांत फिरतो त्या बुशांना शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-दोन थेंब. ग्रीस लावू का, विचारलं, तर नुसते बघत राहिले.

कामाचे त्यांनी दोनशे रुपये घेतले. चहा मी पाजला, तर त्याचेही पैसे देऊ लागले.

बसवताना वायपर एक दाता चुकला आणि पहिल्याच फेरीत बॉनेटच्या कडेला आपटला, ते एक वेगळं रामायण. परत उघडून नीट केलं. संध्याकाळी हिला शेजारी बसवून ब्लोअर पूर्ण वेगात लावला. पहिल्या झोतात गुलमोहराची मूठभर वाळकी पानं तिच्या अंगावर उडाली. मला वाटलं होतं सगळी काढलीयेत.

ऑगस्टमध्ये परत ताम्हिणीतून जाऊन आलो. काच साफ राहिली. सकाळी थंड असताना सर्वांत हळू स्पीडवर अजून चिमणीसारखी चिवचिव येते, दोन मिनिटांत थांबते. डाव्या बाजूचा बुश असणार. पाऊस संपला की परत वायपर उचलीन. घरच्या मिक्सरच्या ठिणग्या मात्र थांबल्या, कारण घासून ठेवलेले ते कार्बन शेवटी तिथेच गेले.