वरची तर्री आणि अठरा डॉलर

नागपूरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. फुटाळा तलावाच्या काठावर भुट्टा खाताना जहाजाचा विषय सहसा निघत नाही. पण प्रतापनगरात हल्ली बऱ्याच घरांतली मुलं अमेरिकेत आहेत. आई-बाबांना एकदा नायगरा दाखवून झाला, की पुढच्या खेपेला क्रूझ ठरलेली. आमच्या शेजारच्या काका-काकूंची यंदा ठरली आहे. मायामीहून सात रात्री, कॅरिबियन बेटं, मुलगा-सून आणि चार वर्षांचा नातू सोबत.

काका वीज मंडळाच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. मुलानं बुकिंगचे कागद पाठवले, काकांनी त्यांची प्रिंट काढली, लाल पेननं टिकमार्क करत गेले आणि टिपेच्या ओळीवर थांबले. मग कागद घेऊन आमच्याकडे आले. "हे पाहा. जहाजावर पाय ठेवला नाही, अन् वेटरची टिप आधीच लावून राहिले!"

प्रकार तसाच आहे. मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या जहाजांवर साध्या केबिनसाठी माणशी, दर दिवसाला, साधारण १६ ते २० डॉलर टिप म्हणून खात्यात आपोआप चढतात. १८ धरले तरी पाच माणसांचे सात दिवसांचे ६३० डॉलर, म्हणजे ५० हजार रुपयांच्या वर. चार वर्षांचा नातूही त्यात पूर्ण माणूस. तो वेटरला ताटातली भाजी दाखवून रडणार, तरी त्याचे १८ वेगळे.

काकांना कायदा पाठ आहे. २०२२ च्या जुलैत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं हॉटेलांना बजावलं, की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही. २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. धरमपेठेतल्या एका हॉटेलात काकांनी याच मुद्द्यावर मॅनेजरला बोलावलं होतं आणि चार्ज काढून घेतला होता. (नंतर वेटरला त्याहून जास्त पैसे हातात दिले, हे काकूंनी सांगितलं.) पण अमेरिकेतल्या बंदरातून सुटणाऱ्या जहाजावर बहुतेकदा बहामा किंवा पनामाचा झेंडा असतो. तिथं आपला ग्राहक कायदा काय करणार? तरी बऱ्याच जहाजांवर काउंटरला जाऊन ही रक्कम कमी करता येते किंवा काढूनही टाकता येते. रांगेत उभं राहून, सगळ्यांच्या देखत, "मला टिप द्यायची नाही" म्हणण्याची तयारी मात्र हवी.

पूर्वी असं नव्हतं. शेवटच्या रात्री पाकिटं वाटायची पद्धत होती: एक केबिन साफ करणाऱ्याला, एक वेटरला, एक त्याच्या मदतनिसाला. ऐकायला छान वाटतं, आणि मलाही हातात पाकीट देणंच आवडेल. पण पाकीट पोचायचं ते चेहरा दिसणाऱ्यालाच. खालच्या मजल्यावर हजारो टॉवेल धुणाऱ्याला, भांडी घासणाऱ्याला कोण शोधत जाणार? आजच्या कापलेल्या रकमेतला वाटा अशा पडद्यामागच्या लोकांनाही जातो, असं कंपन्या सांगतात. फिलिपिन्स, इंडोनेशिया, आपला गोवा, अशा ठिकाणची ही पोरं सलग सहा-सात, कधी नऊ महिने घराबाहेर असतात. कंपनीनं त्यांना धड पगार द्यावा आणि तिकिटाची किंमत सरळ तेवढी वाढवावी, हे माझं मत. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसनं २०१९ मध्ये वेगळी टिप बंद करून दाखवलीच की. पण जोवर बाकीचे तसं करत नाहीत, तोवर काउंटरवर जाऊन ती काढून घेणं मला तरी चिंधीपणा वाटतो. काकांना हे सांगितल्यावर ते माझ्याशी दोन मिनिटं बोलले नाहीत.

त्यांचा खरा राग पुढच्या पानावर होता. कस्तुरचंद पार्कजवळ पोहे खाताना "भाऊ, अजून तर्री मार" म्हटलं, की पळी येते. तिचे पैसे लावायचे कुणाच्या डोक्यातही येत नाही. जहाजावर मुख्य डायनिंग हॉल, बुफे, साधा चहा-कॉफी, संध्याकाळचा कार्यक्रम तिकिटात असतो. त्यापुढची प्रत्येक तर्री वेगळी. कोल्ड्रिंक वेगळं, वायफाय वेगळं, स्पेशालिटी रेस्टॉरंट वेगळं, बेटावरची सहल वेगळी, आणि चढताना हसवून काढलेला फोटोसुद्धा विकत. रोख पैसा चालत नाही. गळ्यात एक कार्ड, ते टेकवायचं, आणि पैसे गेल्याचं दुःख शेवटच्या दिवशी एकदम करायचं.

सगळ्यात भारी ते दारूचं पॅकेज: ठरलेले पैसे एकदाच भरायचे आणि मग रोज प्यायचं. कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या पॅकेजात २४ तासांत १५ मद्यपेयांची मर्यादा आहे. मर्यादा! आणि एकानं घेतलं तर त्याच केबिनमधल्या दुसऱ्या प्रौढ माणसालाही घ्यावं लागतं, नाहीतर एकाच्या कार्डावर दोघं पितील. पॅकेजवर पुन्हा १८ ते २० टक्के टिप असतेच. काका वर्षाकाठी दोन बियर पिणारे, तरी त्यांनी मागच्या कोऱ्या पानावर दिवसाला किती ग्लास प्यायले तर पैसे वसूल होतील याचा तक्ता मांडला.

"मी काय करू तुमच्या पॅकेजचं?" काकूंनी विचारलं. "ताक मिळते का त्याच्यात?"

पॅकेज तिथंच बारगळलं. घरच्या चिवड्याचंही तेच झालं; बरीच जहाजं घरी केलेलं काही चढू देत नाहीत, पॅकबंद चालतं. काकू तेवढ्यावर फार वेळ थांबल्या नाहीत. केबिन साफ करणारा रोज टॉवेलाचा हत्ती नाहीतर माकड करून पलंगावर ठेवतो, हे मी त्यांना फोटोत दाखवलं होतं, आणि त्यांचं लक्ष तिकडेच होतं.

"त्या पोराला काय द्यायचं?"

"बिलात कापून राहिले ना रोजचे अठरा," काका म्हणाले.

"ते कंपनीनं कापले. नातवासाठी हत्ती तो करून देईन, मी नुसती हसून निघून येऊ का?" मग माझ्याकडे वळून, "डॉलर घ्यायला जाऊ तेव्हा पाच-पाचच्या नोटा मागायच्या का जी? शंभरची दिली तर सुटे परत मागायला लाज वाटते."