वेलर १२ चा पाठलाग, नोंद नववी: एका बाटलीवर तीन स्टिकरं

वेलर ही सहजी न मिळणारी केंटकीची बर्बन व्हिस्की; १२ म्हणजे निदान बारा वर्षं पिंपात मुरलेली, आणि अँटिक १०७ ही तिचीच जास्त कडक बहीण. शनिवारी संध्याकाळी माझ्या यादीतल्या दुकान क्रमांक चारमध्ये ही अँटिक चक्क उघड्या फळीवर दिसली. बफेलो ट्रेस या बर्बनच्या शेजारी, हाताला येईल अशी. काउंटरमागच्या कुलूपबंद कपाटाबाहेर ती मी गेल्या पाच वर्षांत पाहिलेली नव्हती. किमतीचं स्टिकर जाड वाटलं म्हणून नखाने कोपरा उचलला, तर खाली दुसरं, त्याच्याखाली तिसरं. सर्वांत खाली १३९.९९, मध्ये १०९.९९ आणि वर ७९.९९ डॉलर. तिथेच उभं राहून फोटो काढला, वहीत तारीख टाकली आणि बाटली घेऊन गल्ल्यावर गेलो.

मंडळी, ८० डॉलर हाही काही योग्य भाव नाही, मला माहीत आहे. अँटिकचा सुचवलेला भाव पन्नाशीच्या आसपास आहे. पण न्यू जर्सीतल्या एडिसन आणि आसपासच्या अकरा दुकानांचे भाव मी २०२१ पासून वहीत लिहितोय आणि या बाटलीचा आकडा खाली आलेला मी पहिल्यांदाच पाहिला. घरी येऊन बायकोला फोटो दाखवला. तिने स्टिकरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे तुझी वही बरोबर होती." माझ्यासाठी हा आठवडा तिथेच सार्थकी लागला.

आठवी नोंद वाचलेल्यांना आठवत असेल, मी शोध सोडायच्या बेतात होतो. कारण अर्धवटच लिहिलं होतं, कारण तेव्हा राग ताजा होता. आता सगळं सांगतो.

माझं नेहमीचं दुकान म्हणजे क्रमांक एक. मालक गुजराती, साठीच्या पुढचे, मी त्यांना काका म्हणतो. २०१९ मध्ये माझी पहिली वेलर १२ त्यांनीच ४५ डॉलरला दिली होती, आणि तीही मागितलेली नसताना, "ये ले जा, लोग अच्छा बोलते हैं" असं म्हणून. तेव्हापासून घरातली वाइन, पाहुण्यांसाठी बिअर, ऑफिसच्या भेटी, सगळं त्यांच्याकडूनच. दर गणपतीत मोदकांचा डबा दुकानात जातो. काका स्वतः एक थेंबही घेत नाहीत, पण कोणती बाटली कोण, कशासाठी नेतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, "तुझी वेलर आली." मी जेवणाच्या सुट्टीत धावत गेलो. बाटली गल्ल्याशेजारी ठेवलेली होती. भाव १२० डॉलर, आणि सोबत एका नव्या व्होडकाच्या सहा बाटल्या घ्यायच्या, प्रत्येकी २२. एकूण २५२ डॉलर. बंडल! आपण सगळे ज्याला शिव्या घालतो ते बंडल, आणि तेही काकांकडून. मी नाही म्हणालो. आवाज चढला नाही, पण चेहरा उतरला असणार. ते काही न बोलता उठले, मुलाला गल्ल्यावर बसवलं आणि मला म्हणाले, "चल, खाली ये."

त्या दुकानाला तळघर आहे हे मला माहीतच नव्हतं. दिवा लावला आणि मी बघतच राहिलो. भिंतीला लागून छातीएवढ्या उंचीच्या थप्प्या: फळांच्या चवीच्या व्होडका, क्रीम लिकर, कुणी नाव न ऐकलेली टकीला, गुलाबी जिन. काही खोक्यांवर धूळ, काहींवरची तारीख तीन वर्षांपूर्वीची. काकांनी एकेका थप्पीला हात लावत सांगितलं: हे मागच्या दिवाळीला उचललं, हे त्याच्या आधी, हे या उन्हाळ्यात. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे घाऊक विकणारा, कुणाला किती वेलर द्यायची ते वर्षभरात कुणी किती पेट्या उचलल्या यावर ठरवतो. या साऱ्या तळघराच्या बदल्यात काकांना वर्षात वेलर १२ च्या तीन बाटल्या मिळतात. तीन! आणि विचारणारी गिऱ्हाइकं रोजची चार.

"तू म्हणतोस चाळीस डॉलर भाव आहे," काका म्हणाले. "मग या खोक्यांचं मी काय करू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. बंडल मला मान्य नाही, ते गिऱ्हाइकाच्या गळ्यात नको असलेला माल मारणं आहे, आणि मी ते घेणार नाही. पण त्या तळघरातून वर आल्यावर मला भाव वेगळा दिसू लागला. १२० डॉलरमध्ये व्हिस्कीचे चाळीस. बाकीचे ऐंशी या धूळ खाणाऱ्या खोक्यांचं भाडं आहेत.

दारूबंदी १९३३ मध्ये उठली आणि तेव्हापासून इथे तीन पायऱ्या पक्क्या झाल्या: बनवणारा, घाऊक विकणारा, दुकानदार. त्यामुळे सुचवलेला भाव ही खरोखर फक्त सूचना असते, डिस्टिलरी दुकानदाराला काही सांगू शकत नाही. शिवाय आपल्या न्यू जर्सीत एका मालकाला दोनच दुकानांचे परवाने मिळतात, म्हणून बहुतेक दुकानं काकांसारख्यांची छोटी. डिस्ट्रिब्युटरसमोर त्यांचं वजन ते किती. मी आजवर वहीत दुकानदारांना 'लुटारू' आणि 'सज्जन' अशा दोन रकान्यांत टाकत आलो. ते रकाने या आठवड्यात खोडले. त्यांच्या जागी नवा रकाना: दुकान केवढं, आणि तिथे नको असलेला माल किती दिसतो. क्रमांक चार मोठं दुकान आहे, घाऊक उचल मोठी, म्हणून अँटिकचा भाव तिथे आधी पडला असावा. काकांकडे तो सर्वांत शेवटी पडेल.

डेलावेअर नदीपलीकडचा हिशेब वेगळा. पेनसिल्व्हेनियात दुकानं सरकारचीच, राज्यभर एकच भाव, दुर्मिळ बाटल्यांची लॉटरी. त्या भावात १८ टक्के जॉन्सटाउन पूरकर दडलेला असतो, १९३६ च्या पुरानंतर तात्पुरता म्हणून लावलेला, अजून चालूच. तरीसुद्धा लॉटरीत लागलेली बाटली आपल्याकडच्या भावापुढे स्वस्तच. माझा आतेभाऊ तिकडे राहतो, दर वेळी अर्ज भरतो. यंदाही काही लागलं नाही. लॉटरी निष्पक्ष आहे हे मान्य, पण तिच्यात माझ्या हातात काही नाही, आणि मला हा छंद हातात असलेल्या गोष्टींसाठीच आवडतो.

टंचाई सगळी खोटी आहे असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. आज विकली जाणारी वेलर १२ निदान बारा वर्षांपूर्वी पिंपात गेलेली आहे, आणि तेव्हा एवढी मागणी येईल हे कुणी धरलं नव्हतं. वर केंटकीच्या उन्हाळ्यात पिंपातून हवेत उडणारा भाग. वर्षाला ४ टक्के धरले तरी बारा वर्षांनी शंभरातले ६१ उरतात. तेवढी टंचाई खरीच आहे. पण आता चित्र उलटं आहे: केंटकीच्या गोदामांत दीड कोटीहून जास्त पिंपं पडून आहेत, आणि जिम बीमने २०२६ साठी क्लेरमाँटच्या मुख्य डिस्टिलरीतलं गाळणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. २०१८ नंतर भरलेली पिंपं बारा वर्षांची होतील तेव्हा २०३० उजाडलेलं असेल. माझा अंदाज असा की तोपर्यंत स्टिकरवर स्टिकर चढत राहतील, प्रत्येक आधीच्यापेक्षा खालचं. वही चालू ठेवायला हे कारण पुरेसं आहे.

आता शनिवारच्या बाटलीचं काय केलं ते. २०१९ च्या बाटलीतली २०० मिली वेलर १२ मी मागेच छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवली होती, हवा लागू नये म्हणून. ज्यांच्या बाटल्या अर्ध्याखाली गेल्यात त्यांनी हे आजच करा. फनेल स्टीलचं घ्या, प्लास्टिकच्या फनेलला आधीच्या व्हिस्कीचा वास राहतो आणि पुढच्या बाटलीत उतरतो. त्यातली ८० मिली आणि नवी अँटिक १२० मिली, म्हणजे आपलं ठरलेलं साठ-चाळीस, 'गरिबाची पॅपी' (पॅपी व्हॅन विंकल या फार महागड्या बर्बनची घरगुती नक्कल). मोजायला मोजपात्रच वापरा, स्वयंपाकघरातला काटा नको, दोन्हींचं प्रूफ (अल्कोहोलच्या टक्क्यांची दुप्पट) वेगळं तर घनताही वेगळी. हिशेबाने १००.२ प्रूफ येतं.

पहिल्या रात्री ग्लासात अँटिकचा तिखटपणाच पुढे होता. पाचव्या रात्री दोघी एकमेकींत मिसळल्या. नाकाला आधी काकवी, मग भाजलेलं सुकं खोबरं, आणि घोट गेल्यावर मागे राहणारं जायफळ, अगदी पुरण परतताना घरात सुटतं तसं. नुसती १२ मऊ असते पण लवकर संपते, नुसती अँटिक जोरकस पण कडेला खरखरीत. मिश्रणात मऊपणा टिकतो आणि शेवट लांबतो. मी ग्लास रिकामा झाल्यावरही बराच वेळ वास घेत बसलो होतो.

इथपर्यंत लिहून थांबणार होतो. पण मोजणी लिहिताना एक गोष्ट डोक्यात आली आणि बेत बदलला. मला हवंय ते नक्की काय? वेलरचं लेबल, की गव्हाच्या बर्बनचा, म्हणजे मक्याच्या जोडीला राईऐवजी गहू घातलेल्या बर्बनचा, हा मऊ, लांब शेवट? लेबल हवं असेल तर तळघराचं भाडं भरायलाच हवं. चव हवी असेल तर मेकर्स मार्क कास्क स्ट्रेंग्थ माझ्या अकरापैकी नऊ दुकानांत उघड्या फळीवर आहे, भाव ४४ ते ५२. लार्सनी बॅरल प्रूफ पाच दुकानांत, साठीच्या आसपास. दोन्ही गव्हाच्या. मेकर्सच्या धान्यात ७० टक्के मका, १६ गहू, १४ सातू. लार्सनीत ६८, २० आणि १२. वेलरची वाटणी बनवणारे सांगत नाहीत, पण जात तीच.

म्हणून पुढच्या महिन्यात आंधळी चाचणी. चार ग्लास: मिश्रण, नुसती अँटिक, मेकर्स आणि लार्सनी, सगळ्या १०० प्रूफवर आणलेल्या. माझी मेकर्स ११० प्रूफची आहे, म्हणजे १०० मिलीला साधारण १० मिली पाणी. पाणी बाटलीतलं घेणार, नळाच्या पाण्यात आमच्याकडे क्लोरीन जाणवतं. ग्लासच्या तळाला बायको खुणा लावेल, मी खोलीबाहेर असताना. चव घेणारे आम्ही तिघं. मिश्रण तिघांच्याही पहिल्या दोनांत आलं नाही, तर वेलरचा पाठलाग माझ्यापुरता बदलेल, वही मात्र राहील. आणि मेकर्स जिंकली तर डिसेंबरात पुण्याला दोन बाटल्या घेऊन जाणार. दोन लिटरच्या मर्यादेत बसतात. भारताने २०२५ मध्ये बर्बनवरचं आयात शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आणलंय, पण तरीही तिथल्या दुकानापेक्षा हातची बाटली स्वस्त पडते.

आणखी एक. मेकर्सच्या प्रायव्हेट सिलेक्शनमध्ये दुकान स्वतःच्या पसंतीच्या दहा ओकच्या फळ्या पिंपात टाकून चव ठरवू शकतं. काकांच्या दुकानाने असं एक पिंप घेतलं आणि आपण वीस-पंचवीस जणांनी बाटल्या आधीच बोलून ठेवल्या, तर त्यांना विकायला हमखास खपणारा माल मिळेल. असं कुणी केलं असेल तर मला सविस्तर लिहा: पैसे आधी भरावे लागतात का, आणि बाटल्या यायला किती महिने लागले. ओहायो, व्हर्जिनियातल्या मंडळींनी आपापल्या राज्यातले सरकारी भावही कळवा. आणि कुठेही जाड स्टिकर दिसलं तर कोपरा उचलून बघा.

बुधवारी काकांकडे गेलो होतो. ती वेलर १२ अजून तिथेच, गल्ल्याच्या मागे, १२० च्याच स्टिकरखाली. मी त्यांना अँटिकच्या तीन स्टिकरांचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो मोठा करून पाहिला. विचारलं, "कुठलं दुकान?" मी सांगितलं. मग पिंपाचा विषय काढला. ते बराच वेळ गप्प होते, नंतर म्हणाले, "माझ्या मुलाशी बोल, कागदपत्रं तो बघतो." मुलगा रविवारी दुकानात असतो. रविवारी जातोय.