दिवाळे कोळीवाडा आणि बेलापूरचा बुरूज: जाण्याआधी तिथी बघा

नवी मुंबईतल्या सीबीडी बेलापूर स्टेशनवरून रिक्षाने साडेनऊला दिवाळ्याच्या जेट्टीवर उतरलो, तर खाडीत पाणीच नव्हतं. होड्या चिखलात कलंडलेल्या, धक्का रिकामा. मुलगी हिरमुसली.

सावलीत फाटकं जाळं घेऊन बसलेल्या मावशी म्हणाल्या, "पानी आला का होऱ्या येतान." मग त्यांनी हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. त्या दिवशी पंचमी, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती, आणि त्याच्या सहा तास आधी ओहोटी. आम्ही नेमके ओहोटीला पोचलो होतो. शाळेत भरती-ओहोटी शिकलो, पण हे गणित कुणी सांगितलं नव्हतं.

मधल्या वेळात किल्ले गावठाणाकडे गेलो. बेलापूरचा किल्ला सिद्दींनी बांधला, पुढे पोर्तुगीजांकडे गेला, 1733 मध्ये चिमाजी अप्पांच्या काळात मराठ्यांकडे आला आणि 1817 मध्ये इंग्रजांनी घेतला. आज उरलाय तो मुख्यतः एक बुरूज. दगडांच्या फटीत झाडांची मुळं घुसली आहेत, ते बघून जीव तुटतो. पनवेलच्या खाडीवर नजर ठेवायला तो बांधला होता. त्याच पाण्यावर दिवाळ्याची घरं आजही जगतात, म्हणून या दोन्ही जागा एकाच दिवशी बघाव्यात असं मला मनापासून वाटतं. पावसाळ्यात मात्र दगड शेवाळलेले असतात, मुलांचा हात सोडू नका.

एक वाजता परत जेट्टीवर आलो. पाणी चढलं होतं. पहिली होडी टेकली तशी धक्क्यावर मासळीच्या पाट्या आल्या. बोय, कोळंबी, चिंबोऱ्या. एका कोळणीने जिवंत चिंबोरी पाठीमागून धरली, अंगठ्याने दाबून ठेवली आणि नांग्यांना सुतळीचा वेढा दिला, सगळं श्वास घेण्याइतक्या वेळात. मुलगी तिथून हलेना.

जाणाऱ्यांसाठी: तिथी बघून भरतीच्या दोन-अडीच तास आधी पोचा, खाडीत पाणी थोडं उशिरा चढतं तेही धरा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा दुपारी बाराच्या आसपास खाडी काठोकाठ भरलेली दिसेल. सुटे पैसे आणि झाकणाचा डबा न्या. फोटो काढण्याआधी विचारा, धक्का ही त्यांची कामाची जागा आहे. मासळी घेणार असाल तर घासाघीस करत वाट अडवून उभे राहू नका, मागून ओल्या पाट्या घेऊन बाया धावत येत असतात.

मावशींचं जाळं आम्ही निघालो तेव्हा अर्धं सांधून झालं होतं.