मागच्या सीटचा प्रश्न

रविवार, रात्री

मर्सिडीजची सी-क्लास घ्यावी की ई-क्लास, हा विषय आमच्या घरात दिवाळीपासून चालू आहे. आज दोन्ही गाड्या पाठोपाठ चालवून पाहिल्यावर तो निदान माझ्यापुरता मिटला. डिझेलविषयी वाद नव्हताच. दर आठवड्याला पुण्याहून सोलापूरला जायचे आणि दुसऱ्या दिवशी परतायचे, म्हणजे पाचशेच्या आसपास किलोमीटर होतात, आणि त्यातला बहुतेक रस्ता मोकळा महामार्ग आहे. बीएस 6 (सध्याच्या प्रदूषण मानकाच्या) डिझेलला असाच वापर मानवतो. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी एक्झॉस्ट बराच वेळ तापलेला राहावा लागतो. गावातल्या गावात दोन-चार किलोमीटर फिरून गाडी बंद करणाऱ्याचा फिल्टर तुंबत जातो आणि एके दिवशी डॅशबोर्डवर दिवा लागतो. ज्याचे रोजचे फिरणे कोथरूड ते डेक्कन एवढेच आहे, त्याने पेट्रोलच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी अडचण अशी की इंजिनाच्या बाबतीत निवडण्यासारखे काही उरतच नाही. सी 220 डी आणि ई 220 डी या दोन्ही गाड्यांत तेच दोन लिटरचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन, तोच नऊ गिअरचा ऑटोमॅटिक आणि तीच 48 व्होल्टची सौम्य हायब्रिड व्यवस्था (म्हणजे इंजिनाला विजेचा थोडा हातभार) आहे. शक्ती दोन्हीकडे दोनशे अश्वशक्तीच्या जवळपास आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढ देणारा जोर, 440 न्यूटन मीटर. दोन्हींची जुळणीही चाकणच्या एकाच कारखान्यात होते. (1995 मध्ये पिंपरीत टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात मर्सिडीजची भारतातली जी पहिली गाडी तयार झाली, ती ई-क्लास होती, त्यामुळे पुण्यातल्या जुन्या माणसांच्या लेखी ‘मर्सिडीज’ म्हणजे अजूनही तीच.) मग 2022 मध्ये 56 लाखांना आलेली सी 220 डी आणि 2024 मध्ये साडेएक्याऐंशी लाखांना आलेली ई 220 डी, या दोन आकड्यांमधले पंचवीस लाख नेमके कशाचे?

ते मुख्यतः मागच्या सीटचे आहेत. 2017 पासून आपल्याकडे ई-क्लास सेदान लांब व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर जास्त असलेली) मिळते, आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगची अशी ई-क्लास सर्वांत आधी भारतातच आली. कारण उघड आहे: इथे या किमतीच्या गाडीचा मालक बहुधा मागे बसतो आणि चालवायला माणूस ठेवतो. सी-क्लासचा व्हीलबेस 2865 मिलिमीटर, ई-क्लासचा 3094. म्हणजे नऊ इंचांचा फरक, आणि तो जवळजवळ सगळा मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे येतो. शोरूममधल्या मुलाने बाबांना ई-क्लासमध्ये बसवले, बटण दाबून पुढची सीट सरकवली, पाठ मागे कलवली, आणि बाबा पाय लांब करून दोन मिनिटे डोळे मिटून बसले. तेवढ्या वेळात माझा निर्णय ई-क्लासकडे पूर्ण झुकला होता.

उतरताना मात्र त्यांनी एक हात दाराच्या चौकटीला लावला, दुसरा माझ्या खांद्यावर टाकला, आणि दोनदा जोर करून उठले. सी-क्लासमधूनही तसेच उतरले. नंतर चहा पिताना म्हणाले, “गाड्या दोन्ही छानच आहेत रे, पण दोन्हींत खाली बसावं लागतं. जोशांच्या इनोव्हात मी आपला आपण चढतो.”

महिनाभर मी मिलिमीटर ताडून पाहत होतो, पण सीट जमिनीपासून किती उंच आहे हा आकडा माझ्या वहीत नव्हता. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाय पसरायच्या जागेपेक्षा त्या उंचीची गरज जास्त असते, आणि सेदान लहान असो वा मोठी, ती उंची तिच्यात मिळत नाही. बाबांसाठी म्हणून ई-क्लास घ्यायची, हे कारण तिथेच निकालात निघाले. उरलो मी, आणि मी मागे बसत नाही. सोलापूरच्या रस्त्यावर माझी जागा पुढे उजवीकडे असते, आणि त्या जागेवरून मला सी-क्लास अधिक आवडली. वळणावर ती चटकन वळते, गाडी कुठे संपते हे तिच्यात नेमके कळते. ई-क्लास अधिक शांत आहे, खराब रस्ता अधिक गिळते, हे मान्य. तरीही 5092 मिलिमीटर लांबीची गाडी आमच्या सोसायटीच्या यांत्रिक पार्किंगच्या पाळण्यात बसत नाही, तिथे पाच मीटरची मर्यादा आहे. सी-क्लास 4751 ला संपते.

शिवाय कर. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला पंधरा टक्के रस्ता कर लागतो, म्हणजे त्या पंचवीस लाखांवर पावणेचार लाख आणखी, आणि विमा निराळा. त्या पैशांत बाबांच्या पंढरपूरच्या आणि दवाखान्याच्या फेऱ्यांना चालकासह इनोव्हा भाड्याने कितीतरी वर्षे बोलावता येईल. सौ.ला हा हिशेब लगेच पटला. मुलाला नाही, त्याला ई-क्लासच हवी होती, पण त्याला अजून लायसन्स नाही.

बुकिंग उद्या करायचे. त्याआधी गाडी कोणत्या महिन्यात बनली आहे, हे चॅसी नंबरासह लेखी मागायचे आहे. वर्षअखेरीची सवलत पुष्कळदा यार्डात उभ्या राहिलेल्या गाडीवर दिलेली असते. रंग पांढरा नको, एवढेच बाबांनी सांगितले आहे.