आज गणिताला सुट्टी

घरच्या शाळेत आज गणित बाजूला ठेवलं आणि लेकीने जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, ती या म्हाताऱ्यात नाही. म्हणून धडधाकट मशीन भंगारात घालायचं? मला नाही पटत.

"पण हे फुकट का देतात?" लेकीने विचारलं. मग १९९१ सालचं हेलसिंकी, लिनक्स सुरू करणारा २१ वर्षांचा लिनस टोरवाल्ड्स, सगळं निघालं. नकाशात फिनलंडही सापडलं. (नवऱ्याच्या ऑफिसला विंडोजच लागतं, लागू दे.)

सासूबाईंचं पालुपद तेच, "दहावीचं काय?" अहो आई, एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून देता येते की!

प्रिंटर अजून रुसलेलाय. लिनक्सवर तो चालू करायला कुणाला येतं का?