लग्नाआधी मी घरी का येतो? तुम्ही विचारलंत म्हणून

“भाऊ, फोटो तर मंडपात काढायचे. मग आधी घरी येऊन तासभर काय बसता?” अमळनेर, पारोळा, धरणगाव, कुठेही बुकिंगला गेलो की हा प्रश्न येतोच. मी घर बघून भाव वाढवतो असं कुणाला वाटतं. मागच्या सीझनला नवरीच्या काकांनी तोंडावर विचारलं, “पंचनामा करायला आलात का?” इतकी वर्षं “लाइट बघायला येतो” असं सांगून वेळ मारून नेली. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

लाइटचं आधी सांगून टाकतो. आपल्याकडची निम्मी लग्नं एप्रिल-मेमध्ये, पारा ४४-४५ ला टेकलेला, आणि हळद अंगणातल्या मांडवात. मांडववाला वर पिवळं नाहीतर गुलाबी कापड ताणतो. ऊन त्यातून गाळून येतं आणि तो रंग सगळ्यांच्या तोंडावर उतरतो. नंतर कॉम्प्युटरवर पिवळा काढायला जावं, तर हळदही निघून जाते. म्हणून नवरी जिथे बसणार तेवढ्यापुरतं तरी पांढरं कापड लावा, एवढं मी हात जोडून सांगतो. गोरज मुहूर्त पत्रिकेत ६.४० चा असला तरी नवरदेव नाचत नाचत येतो आठला. जोडप्याचे उजेडातले फोटो हवे असतील तर ते वरात निघायच्या आधीच उरकावे लागतात. स्टेजमागे एलईडीची भिंत असेल तर शटर सांभाळावं लागतं, नाहीतर फोटोवर आडवे पट्टे येतात. हे सगळं आधी कळलेलं बरं.

फोटोग्राफर कसा निवडावा, हेही विचारता. इन्स्टाग्रामवरचे दहा फोटो बघून भुलू नका. एकाच लग्नाचे सगळेच्या सगळे फोटो मागा, मांडव घातल्यापासून पाठवणीपर्यंत. बुकिंग घेणारा स्वतः येणार की पोरं पाठवणार, ते विचारा. कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरतात का, ते विचारा. आणि लळिंगच्या किल्ल्यावर प्री-वेडिंगला पैसे घालून लग्नाच्या दिवशी एकच माणूस ठेवू नका.

पण मी घरी येतो त्याचं कारण यातलं एकही नाही.

मे २०१९. पारोळा तालुक्यातलं एक गाव. नवरीला वडील नव्हते, कन्यादान काका-काकूंनी केलं. आम्ही तिघे होतो, २,१०० फोटो काढले. काम चांगलं झालं होतं, हे मी आजही म्हणेन. दोन महिन्यांनी ती माहेरी आली तेव्हा अल्बमसाठी फोटो निवडायला दुकानात आली. खुर्चीवर बसून एकेक फोटो पुढे ढकलत होती. आधी झरझर, मग सावकाश. शेवटच्या फोटोला पोहोचली आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. मी चहा मागवला होता, त्यावर साय धरली.

“भाऊ, आई कुठे आहे?”

मीही शोधायला लागलो. तीन फोटो सापडले. एकात ती पाठमोरी होती, तांदळाचं ताट उचलताना. दुसऱ्यात घोळक्याच्या कडेला, काकांच्या फेट्याने अर्धा चेहरा झाकलेला. तिसरा मी पुढे सरकवणारच होतो, तिने माझा हात धरला. फोटो नवरीचा होता, पण वरच्या कोपऱ्यातून एक हात आत आला होता. मनगटात एकही बांगडी नाही, बोटांना बट्टीचं पीठ, नवरीच्या डोक्यावरचा पदर सारखा करणारा. “हा आईचा हात,” ती म्हणाली. मी तो फोटो एडिट करताना दहा वेळा बघितला असेन. हात कुणाचा, हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

मी म्हणालो, “ताई, त्या पुढे आल्याच नाहीत.” खरंच आली नव्हती. हळदीच्या दिवशी चुलाण्याजवळ, बट्ट्या तळल्या जात होत्या तिथे बायांच्या घोळक्यात उभी होती. मी कॅमेरा वळवला तर पदर तोंडाशी धरून म्हणाली, “मना फोटो नको काढू रे भाऊ, पोरना काढ.” मी कॅमेरा खाली घेतला. हेही मी तिला सांगितलं, माझी बाजू म्हणून.

ती म्हणाली, “ती नाही म्हणाली आणि तुम्ही ऐकलंत? बाबा गेल्यापासून ती सगळ्यालाच नाही म्हणते.”

पैसे पूर्ण दिले, अल्बम नेला. हाताचा फोटो त्यात टाकू दिला नाही, पेनड्राइव्हवर वेगळा घेतला.

तेव्हाचा मी अजून माझ्याशी भांडतो. म्हणतो, विधी जिथे चालतो तिथे कॅमेरा जातो. ज्या बाईला तुम्हीच विधीच्या बाहेर उभं केलंत, ती माझ्या फोटोत कुठून येणार? तिला चुलाण्याजवळ मी नेऊन ठेवलं नव्हतं. यातलं काही मी मागे घेत नाही. पण लांबून चेहरा टिपणारी ८५ ची लेन्स माझ्या खांद्याला होती. वीस फुटांवरून, तिला कळूही न देता, लेकीकडे बघणारा तिचा चेहरा मिळाला असता. दिवसभरात मी ती एकदाही तिकडे वळवली नाही. आणि तिचा नकार राखायचा म्हणून मी थांबलो, असंही नाही. पुढे नाच सुरू झाला होता आणि मला तिकडे पळायचं होतं.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि इतर गावांनीही तसं करावं म्हणून सरकारने परिपत्रक काढलं, तेव्हा बातमी वाचताना मला तोच हात आठवला. परिपत्रक चांगलंच आहे. पण मंडपात अजून मला विधवा बाया कडेलाच दिसतात.

म्हणून मी घरी येतो. बैठकीत तुम्ही मुहूर्त आणि मेनू सांगता, ते लिहून घेतो. मग पाणी मागायच्या निमित्ताने स्वयंपाकघराकडे जातो. घरात कोण आहे, स्टेजवर कोण येणार नाही, आजी कुठल्या खोलीत झोपून असते, ते बघतो. चेहरे ओळखणारं घरचं एक माणूस दिवसभर माझ्यासोबत मागतो, शक्यतो नवरीची मावसबहीण. याला तुम्ही पंचनामा म्हणा.

चाळीसगावला फोटोग्राफर केकी मूस यांचं घर मी तीनदा बघून आलो. १९८९ मध्ये गेले, त्याआधी कित्येक वर्षं घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत; टेबलावर साध्या वस्तू मांडून, उजेड हवा तसा वळवून फोटो काढायचे. लोक मला म्हणतात, खरी फोटोग्राफी ती. आहेच. पण टेबलावरची वस्तू “माझा नको काढू” म्हणत नाही.

यंदा चोपड्याकडच्या एका घरी नवरीच्या आईने लेकीसमोरच सांगितलं, “मला नाही आवडत, भाऊ. शब्द द्या.” मी दिला. लेक गप्प होती. लग्नाच्या दिवशी पंगत उठल्यावर आडोशाला आई तिला मांड्याचा घास भरवत होती. नवरीचे हात मेंदीने भरलेले, डोळे मिटलेले. आईचं तोंड पूर्ण उजेडात. मी एकच फोटो काढला.

तो अजून कुणाला दाखवलेला नाही. काल नवरीचा फोन आला, “दादा, सगळे फोटो आले ना?” मी म्हणालो, “एक राहिलाय. बघतो.”